यजमानांचा होकार कागदोपत्री येईपर्यंत

पक्षाघातानंतर हात-पाय किती परत येतात याकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष असते, आणि ते साहजिकही आहे. आमच्या घरात मात्र सर्वांत जास्त काळ आणि शक्ती गेली ती यजमानांचे ‘हो’ म्हणजे हो आणि ‘नाही’ म्हणजे नाही, हे आधी आम्हा घरच्यांना उमगण्यात, मग नातेवाइकांना पटवण्यात आणि शेवटी बँक व सरकारी रुग्णालय यांना मान्य करायला लावण्यात. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना पुढची वाट थोडी आधी दिसावी, म्हणून हे लिहीत आहे.

माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी अनेक वर्षे चालू. एके दिवशी पहाटे ते उठले तेच उजवा हात लोंबता आणि तोंड वाकडे झालेले. 108 ला फोन करून रुग्णालय गाठले, सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याचे दिसले आणि मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निदान झाले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; परंतु झोपेतून उठतानाच त्रास जाणवला असेल, तर रुग्णाला शेवटचे ठीक पाहिले त्या वेळेपासून हे तास मोजतात. आम्ही त्यांना ठीक पाहिले होते ते आदल्या रात्री, त्यामुळे ते इंजेक्शन त्यांना देता आले नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात, एवढे प्रत्येकाने ध्यानात ठेवलेले बरे.

मेंदूचा डावा भाग बहुतेक माणसांमध्ये भाषा सांभाळतो, म्हणून उजव्या अंगाबरोबर यांची वाचाही गेली. याला अफेझिया किंवा वाचाघात म्हणतात. कान ठीक, जीभ हलते, माणसे ओळखतात, परंतु मनातला विचार शब्दापर्यंत पोहोचत नाही आणि ऐकलेले लांबलचक वाक्यही पूर्ण उलगडत नाही. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर व्यायामाबद्दल बरेच लिहिले होते. दुखऱ्या खांद्याला आधार द्यावा, त्या हाताला धरून ओढू नये, असे नीट समजावूनही सांगितले होते. गिळण्याबद्दलही सांगितले होते, कारण पाणी आणि चहा यांसारख्या पातळ पदार्थांनी त्यांना ठसका लागत असे आणि नाचणीची दाटसर पेज मात्र सहज उतरत असे. वाचेबद्दल एकच ओळ होती: स्पीच थेरपी, गरजेनुसार. ती गरज किती मोठी आहे हे त्या ओळीवरून कोणालाही कळले नसते.

आम्ही ठाण्यात राहतो. वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे तपासणी करून घेतली आणि मधल्या काळात घराजवळच्या एका तरुण थेरपिस्टकडे जाऊ लागलो. चाकाच्या खुर्चीसह वांद्र्याला जाणे म्हणजे अख्खा दिवस मोडतो, परंतु लेखी अहवाल तिथलाच घ्यावा असे आता अनुभवाने सांगते. का ते पुढे येईलच. घराजवळच्या थेरपिस्टने सुरुवातीला चित्रांचे छापील तक्ते काढले, तेव्हा त्यांत सफरचंद, हातोडा, जहाज अशी चित्रे होती आणि खाली इंग्रजी शब्द. यजमान तोंड फिरवून बसले. मग तिनेच सुचवले, “काकू, घरातल्या वस्तूंचे फोटो काढून आणा.” त्यानुसार त्यांचा चष्मा, गोळ्यांची डबी, तांब्या, पोळ्यांचा डबा, मुलाची स्कूटर आणि नातीचा फोटो असा अल्बम केला आणि सराव सगळा मराठीत सुरू झाला. शहरात थेरपी हिंदीत किंवा इंग्रजीत उरकण्याची प्रवृत्ती असते, तिला नम्रपणे पण ठामपणे विरोध करावा, असे माझे मत आहे.

याच काळात एक प्रकार घडला, ज्याने घरात बरेच गैरसमज झाले. यजमानांना पाणी मागता येत नव्हते, पण कोणी ‘बे एके बे’ सुरू करून दिले की ते ‘बे दाहे वीस’पर्यंत न अडखळता जात, आणि संध्याकाळच्या आरतीत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागे. माझ्या नणंदेचे यजमान सरळ म्हणाले, “पाढे येतात आणि पाणी मागता येत नाही? हे सोंग वाटतं.” थेरपिस्टने समजावले की लहानपणापासून घोकलेले पाढे, वार, आरत्या, एवढेच नव्हे तर शिव्यासुद्धा, हे बोलणे सवयीने आपोआप वाहते, नवा विचार जुळवून त्यासाठी शब्द शोधणे हे मेंदूचे निराळे काम आहे. मग तिने या आपोआप येणाऱ्या बोलण्याचाच वापर करून घेतला. नात कोणत्या दिवशी येणार, असे विचारले की यजमान सोमवार, मंगळवार, बुधवार असे हळूहळू म्हणत जात आणि शनिवार आला की डाव्या हाताचे बोट वर करून थांबत. हवा तो शब्द थेट हाती येत नव्हता, पण रांगेतून चालत गेले की सापडत होता.

‘हो’ आणि ‘नाही’ यांचा गोंधळ अधिक गंभीर होता. पुष्कळदा ते ‘हो’ म्हणत आणि मान नकारार्थी हलवत. म्हणून तोंडी उत्तरावर विसंबायचे नाही, असे ठरले. जाड पुठ्ठ्याची दोन कार्डे केली, एकावर मोठ्या अक्षरांत ‘हो’ आणि बरोबरची खूण, दुसऱ्यावर ‘नाही’ आणि फुली. प्रश्न लहान असावा, एका वेळी एकच असावा, दूरदर्शन बंद असावा, आणि उत्तरासाठी मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसावे. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, वर्गातही इतकी थांबले नव्हते. महत्त्वाचा प्रश्न असेल तर तोच उलटून पुन्हा विचारायचा: “भात हवा?” आणि थोड्या वेळाने “भात नको?” दोन्ही उत्तरे जुळली तरच ती धरायची. काही आठवड्यांत ती बहुतेक वेळा जुळू लागली.

तोवर घरी भेटायला येणारी मंडळी त्यांच्यासमोरच मला विचारत, “यांना काही कळतं का हो?” काही जण कानाशी मोठ्याने ओरडत. अशा वेळी यजमानांच्या डोळ्यांत पाणी येई. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि त्यावर औषध असते, हे डॉक्टरांकडून कळल्यावर तेही सुरू केले. पाहुण्यांना मी दारातच सांगू लागले की प्रश्न त्यांना विचारा, मला नव्हे. काहींना राग आला, येणारे कमी झाले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

पुढचा अडथळा बँकेचा. निवृत्तिवेतन त्यांच्या एकट्याच्या खात्यात येत होते, उजव्या हाताची सही संपली होती, आणि शाखेत सांगण्यात आले की ते बोलू शकत नाहीत, म्हणजे न्यायालयातून पालक नेमून आणा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातली पालकत्वाची सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, पक्षाघातासाठी नाही. आणि ज्याला समजते त्याला पालक कशाला? रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत याची स्पष्ट सोय आहे. आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या खातेदाराचा अंगठा चालतो, तोही शक्य नसेल तर पायाचा. मात्र बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. त्याचप्रमाणे सत्तरीवरील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, अशा 2017 च्या सूचना आहेत. दोन्हींचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि साधी वाक्ये यांना नीट समजतात, असे लिहिलेला वांद्र्याचा अहवाल त्याला जोडला. तोंडी हुज्जत घालून जे झाले नाही ते अर्जावर पोहोच घेतल्यावर झाले.

अधिकारी घरी आले. पैसे कोण काढणार हे खातेदाराने दाखवायचे होते. त्यांनी कार्डे पाहिली, खुर्ची जवळ ओढली आणि विचारले, “काका, पैसे मुलाने काढायचे?” यजमानांनी ‘नाही’वर बोट ठेवले. मुलगा शेजारीच उभा होता, तो हसला. “काकूंनी?” बोट ‘हो’वर गेले. साहेबांनी उलटून विचारले, “काकूंनी नको ना?” यजमानांनी ‘नाही’चे कार्ड उचलून टेबलावर आपटले आणि वर एक शिवी हासडली, ती अगदी स्पष्ट. डाव्या अंगठ्याला शाई लावून काम पूर्ण झाले. नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्यासाठी आता जीवन प्रमाण हे ॲप वापरतो. चेहरा दाखवून पापणी मिटली की काम होते, बोलावे लागत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचे काम त्या मानाने सरळ, फक्त वेळखाऊ. मज्जासंस्थेच्या आजारात सहा महिने उलटल्यावरच मूल्यमापन करतात, म्हणून आधी धावपळ करण्यात अर्थ नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला आणि नेमून दिलेल्या दिवशी गेलो. तपासणाऱ्यांनी केवळ हात-पाय पाहून कागद पुढे सरकवला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अफेझियामुळे येणारे वाचा व भाषा दिव्यांगत्व त्यांत स्वतंत्रपणे नमूद आहे, हे मी दाखवले, पुन्हा तोच अहवाल काढला, आणि वाचेची तपासणी वेगळी करून घेतली. दोन्हींचे आकडे सरळ बेरीज करून धरत नाहीत, त्याला सूत्र आहे. अवयवांचे 60 आणि वाचेचे 40 टक्के असतील तर एकत्रित 73 च्या आसपास येतात. सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात, त्यामुळे आम्हाला वाचेच्या नोंदीवाचूनही प्रमाणपत्र मिळालेच असते. तरीही मी अडून बसले, कारण पुढे कुठल्याही खिडकीवर ‘हे का बोलत नाहीत’ या प्रश्नाला तो सरकारी कागदच उत्तर देतो.

आज यजमान काठी घेऊन घरात चालतात, दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलतात आणि समोर माणूस असेल तर आपले म्हणणे पोहोचवतात. फोनवर मात्र जमत नाही, कारण तिथे बोट नाही, कार्ड नाही, चेहराही नाही. नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलणे होते. विमा कंपनीच्या पडताळणीच्या फोनवर पलीकडून ‘खातेदारानेच बोलले पाहिजे’ असा हट्ट धरला जातो आणि आठवड्यातून एकदा तरी तो फोन मला तसाच ठेवावा लागतो. प्रमाणपत्राची प्रत जोडून, पडताळणी लेखी किंवा प्रत्यक्ष भेटून करावी, असा अर्ज त्यांना दिला आहे. पोहोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचे आहे.