पाटी शेवटी: चित्रं बघायच्या नादाचे आठ महिने

मागची नोंद लिहिली तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं होतं, युरोपातल्या चित्रशैलींचा क्रम पाठ झालाय. रेनेसाँ, बरोक, रोकोको, पुढं रोमँटिक, रिअ‍ॅलिझम, इम्प्रेशनिझम. खरंच पाठ होता. गाडीवरून शिफ्टला जाताना शिरोलीच्या पुलापर्यंत एक उजळणी व्हायची. पण डोळे मिटले की त्यातलं एकही चित्र पुढं उभं राहायचं नाही. नाव यायचं, साल यायचं, चित्र काही येत नव्हतं. एसटीचं वेळापत्रक तोंडपाठ आणि गाडीत पाय ठेवलेला नाही, अशी गत.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतून काढलेला नग, उचलायचं, फिरवायचं, ब्लो-होल (हवेनं पडलेलं भोक), चीर, वाळू शिरलेली जागा शोधायची आणि ओके नाहीतर रिजेक्ट. एका नगाला फार तर अर्धा मिनिट. वीस वर्षांची ही सवय घेऊन मी चित्रांसमोर उभा राहायचो. हात बरोबर आहे? आहे. चेहरा माणसाचा वाटतो? वाटतो. ओके, पुढचा नग.

हे पकडलं भाचीनं. ती इथंच कोल्हापुरात कला महाविद्यालयात शिकते. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये तिला घेऊन गेलो होतो, म्हणजे मी तिला नेलं असं मला वाटत होतं. एका दालनातून बाहेर आल्यावर तिनं मोबाईल पुढं केला. गुपचूप वेळ लावली होती.

"मामा, तू चौदा मिनटं आत होतास. मी मोजलो. त्यातली धा मिनटं पाट्यांवर. तू चित्र बघायलास का पाटी वाचायलास?"

(आमच्याकडं पोरी "मी मोजलो, मी आलो" असंच बोलतात. बाहेरगावच्यांनी दचकू नये.)

मी म्हटलं, पाटी वाचल्याशिवाय कळणार कसं? ती म्हणाली, "आधी बघ की. मग वाच. पाटी कुठं पळून जात्या?"

तेव्हापासून नियम केला. चित्रासमोर दहा मिनिटं आणि पाटी शेवटी. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. पहिली दोन मिनिटं नुसती चुळबूळ. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला डोक्यात उद्याचं डिस्पॅच. पाचव्याला आपण येड्यासारखे इथं उभे आहोत आणि वॉचमन आपल्याकडं बघतोय, याची जाणीव. त्यानंतर कधीतरी काहीतरी दिसायला लागतं. एका जुन्या तैलचित्रात मला मोत्यांची माळ दिसली. माळ तर पहिल्या सेकंदालाच दिसली होती, पण सातव्या मिनिटाला कळलं की तिथं मोतीच नाहीत. राखाडी रंगाचा ठिपका आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्याचा एक टिपका, बस. सगळे टिपके डावीकडं, कारण उजेड डावीकडून. मग गालावरचा उजेड बघितला, तोही डावीकडून. पगडीच्या घड्या बघितल्या, त्याही तशाच. तिथं कुठंतरी खिडकी असणार आणि चित्रकार दिवसाच्या ठरावीक वेळीच बसत असणार, हे मला कुठल्याही पाटीनं सांगितलं नव्हतं. घरी येऊन बायकोला हे इतक्या उत्साहानं सांगितलं की तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मात्र "पाटी शेवटी" म्हणजे "पाटी कधीच नको" असा अर्थ मी मध्यंतरी काढला आणि तोंडावर पडलो. त्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे.

आबालाल रहिमान हे नाव कोल्हापुरात चित्रकलेशी संबंध असलेल्या कुणालाही विचारा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले आणि रंकाळा तलाव, कोटितीर्थ, पंचगंगेचा परिसर रंगवत इथंच राहिले. त्यांच्या रंकाळ्याच्या एका जलरंगाची छापील प्रत भाचीकडच्या जुन्या कॅटलॉगात सापडली. मी नियमाप्रमाणं दहा मिनिटं बघितलं. पाणी, पलीकडचा काठ, काठावर एक उभा गडद ठिपका, वर निमुळता. मी जाहीर केलं, "हा बघ शालिनी पॅलेसचा मनोरा. किती थोडक्यात दाखवलाय!" एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पुढच्या रविवारी दोन मित्रांना रंकाळ्यावर नेलं, भेळ खाता खाता समोरचा पॅलेस दाखवला आणि त्या ठिपक्यावर व्याख्यान दिलं.

भाचीनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मामा, पॅलेस कधी बांधला?"

शोधलं. १९३१ ते १९३४. आबालाल गेले १९३१ च्या डिसेंबरात. म्हणजे माझा मनोरा बहुतेक एक झाड होतं.

साल कशाला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत सनावळी म्हणजे परीक्षेची गोष्ट होती. आता रंकाळ्यावर गेलो की मी एक खेळ खेळतो. समोरच्या देखाव्यातून एक एक गोष्ट पुसत जायचं. आधी हॉटेलांच्या पाट्या, मग दिव्यांचे खांब, मग खुद्द शालिनी पॅलेस. पाणी, तळ्यातला दगडी संध्यामठ आणि आभाळ उरलं की त्या माणसानं काय बघितलं असेल याचा थोडा अंदाज येतो. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला हे चांगलं जमतं. रविवारी गर्दीत अजिबात जमत नाही.

याच ओघात दुसरी एक गाठ सुटली. आबालालांचे छोटे छोटे फटकारे बघून मी त्यांना मनातल्या मनात "आपले इम्प्रेशनिस्ट" म्हणून टाकलं होतं. त्यात कौतुक होतं, पण ऐदीपणाही होता. ज्या चित्रावरून त्या पंथाला नाव पडलं ते मोने या फ्रेंच चित्रकारानं १८७२ मध्ये रंगवलं. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि एका टीकाकारानं टिंगल म्हणून दिलेलं नाव त्यांना चिकटलं. ती मंडळी त्यांच्याकडच्या सरकारी प्रदर्शनांच्या चाकोरीला वैतागून बाहेर पडली होती. आबालालांचं भांडण तसलं नव्हतं. शिकून आलेला माणूस आपल्या गावच्या तळ्याकाठी बसून पाण्यावरचा उजेड कागदावर धरू बघत होता. दोन्हीकडं रंगाचे तुकडे दिसतात म्हणून दोघांना एकाच पोत्यात भरायचं, हे मी आता बंद केलंय. शैलीचं नाव म्हणजे पोत्यावरचा शिक्का. आत गूळ कसा आहे ते खडा तोंडात टाकल्यावर कळतं.

आता हाताच्या कामाविषयी. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो, ही गोष्ट वाचून माहीत होती. करायला बसल्यावर घाम फुटला. पाण्यावरची चमक शेवटी दाखवू म्हणून मी सगळा कागद निळा करून बसलो. शेवट आला तेव्हा चमकेला जागाच नव्हती. म्हणजे उजेड कुठं सोडायचा हे पहिला हात मारायच्या आधी ठरलेलं पाहिजे. आमच्याकडं रायझर, म्हणजे थिजताना कमी पडणारा धातू पुरवणारी साच्यातली जागा, कुठं द्यायचा हे धातू ओतल्यावर ठरवत नाहीत, तसंच. भाचीनं मग रंगच काढून घेतले. हातात ४बी पेन्सिल दिली आणि सांगितलं, डोळे किलकिले कर, फक्त तीन छटा बघ: उजेड, मधलं आणि अंधार. दोन महिने तेवढंच चाललंय. वहीची बावीस पानं भरली, त्यातली दोन बघण्यासारखी आहेत. फायदा असा झाला की दुसऱ्याचं चित्र बघतानाही डोळे आपोआप किलकिले होतात. गर्दीत लोक वळून बघतात, चालायचंच.

माझ्या धंद्याचा उपयोग झाला तो पोसायडनपाशी. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली ही काशाची मूर्ती वीतभरही उंच नाही. ग्रीकांचा समुद्रदेव, घडण रोमन काळातली आणि सापडली पंचगंगेकाठी. रोमशी व्यापार चालायचा म्हणून आली, हे शाळेत एका ओळीत उरकलं होतं. मी मात्र सवयीनं आधी पार्टिंग लाईन शोधली. आमच्या वाळूच्या साच्याचे दोन भाग जिथं जुळतात, तिथं नगावर बारीक रेघ उठते आणि ती घासून काढावी लागते. तशी रेघ काही दिसेना. मग आठवलं, असल्या मूर्ती मेण घालवून ओतायचे. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातू. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, त्यामुळं जोडाची रेघ उठायचा प्रश्नच नाही. मूर्तीचा एक हात वर उचललेला आहे, त्यात एके काळी त्रिशूळ असणार. मी विचार करत होतो की इतक्या बारीक दंडात धातू थिजायच्या आत पोचवला कसा? आमच्याकडं आज एवढ्या पातळ भागाला रिजेक्शन येतं.

हे बघता बघता दुसरं दिसलं. देवाचा भार एका पायावर आहे, दुसरा सैल, त्यामुळं कंबर एकीकडं कललेली. माणूस बसथांब्यावर उभा असतो तसा. ग्रीकांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ही सैल उभं राहण्याची रीत मूर्तीत आणली, त्याआधीचे त्यांचे पुतळे दोन्ही पायांवर ताठ. आपल्याकडच्या त्रिभंगात गुडघा, कंबर, मान असे तीन बाक येतात आणि उभं राहणं नाचाकडं झुकतं. वाचून मला यातला फरक कधीच कळला नसता. म्युझियमच्या बाहेर झाडाखाली मी दोन्ही पद्धतींनी उभा राहून बघितलं. चहावाल्यानं विचारलं, पाठ धरलीया काय?

खिद्रापूरला एकदाच जाणं झालं आणि त्यावर आत्ता जास्त लिहीत नाही, कारण एका फेरीत काही हाताला लागलं नाही. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात, स्वर्गमंडपात अठ्ठेचाळीस खांब, वर छताला गोल मोकळं आभाळ, खाली तेवढीच गोल शिळा. आवारात सिंघण यादवाचा शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा शिलालेख आहे. मी खांबांतच अडकलो. लेथवर फिरवल्यासारख्या कडा, आणि एकाच खांबात चौकोन, अष्टकोन, गोल असे छेद बदलत जातात. एक खांब काढायला घेतला, अर्ध्यावर ऊन सरकलं, सगळ्या सावल्या बदलल्या आणि चित्र बोंबललं. मूर्तींकडं तर बघणंच झालं नाही.

काय जमत नाही तेही लिहून ठेवतो. अमूर्त चित्रांसमोर दहा मिनिटं उभा राहतो आणि अकराव्या मिनिटाला तसाच बाहेर येतो. भाची म्हणते घाई करू नकोस. मोबाईलवर चित्रं बघणंही कमी केलंय. एकाच चित्राच्या तीन छब्या उघडल्या तर तिन्हींत निळा वेगळा आणि आकार सगळ्यांचा तळहाताएवढा. आणि खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून, म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमाच्या स्मारकाजवळून, मी वर्षानुवर्षं गाडी काढतो, पण बाबुराव पेंटर सिनेमात जायच्या आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, हे मला यंदा कळलं. आता त्यांच्या सिनेमांची पोस्टरं बघायची आहेत.

पुढच्या महिन्यात पुन्हा खिद्रापूर. सकाळी सातला पोचायचं, तोच खांब, तीच जागा, अकराला पेन्सिल खाली. भाचीनं बजावलंय की शिलालेखाकडं जायचं ते वही बंद केल्यावर. ती मोबाईल घेऊन सोबत येणार आहे.