एचआयव्हीबाधित रुग्णातील निद्रारोग : निदान आणि उपचारांचा माझा अनुभव

काँगोच्या क्विलू प्रांतात डॉक्टर म्हणून काम करताना निद्रारोगाचे, म्हणजे त्सेत्से माशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या आजाराचे, निदान माझ्या अंगवळणी पडले होते; पण एचआयव्हीबाधित रुग्णात त्याच चाचण्यांचे अर्थ नव्याने लावावे लागतात, हे तिशीतल्या एका स्त्रीवर उपचार करताना मला प्रकर्षाने जाणवले. ती दिवसा झोपत असे, रात्रभर जागून असंबद्ध बोलत असे, आणि एचआयव्हीच्या गोळ्या तिने काही महिन्यांपासून बंद केल्या होत्या, असे तिला घेऊन आलेल्या थोरल्या भावाने सांगितले.

अशी लक्षणे दिसली की क्रिप्टोकॉकस या बुरशीचा किंवा क्षयाचा मेंदूज्वर, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा मेंदूतील संसर्ग आणि खुद्द एचआयव्ही यांचाच विचार आधी होतो आणि निद्रारोग मागे पडतो. आम्ही प्रथम करतो ती कार्डवरची कॅट चाचणी परजीवीविरुद्धची प्रतिपिंडे शोधते. ज्या शरीराची प्रतिपिंडे तयार करण्याची ताकदच खालावली आहे, तिथे ती नकारात्मक आली म्हणून आजार नाही असे म्हणता येत नाही. तिची कॅट नकारात्मकच आली. मानेच्या मागे गाठी होत्या, पण त्या एचआयव्हीत आणि क्षयातही येतात. म्हणून परजीवी प्रत्यक्ष पाहणे हाच मार्ग उरला. गाठीतून सुईने काढलेला द्रव ताबडतोब पाहावा लागतो, कारण ट्रिपॅनोसोमा ओळखू येतो तो त्याच्या वळवळीवरून. त्यात काही आढळले नाही. मग रक्त एका विशिष्ट स्तंभातून गाळले. त्यात रक्तपेशी अडकून राहतात आणि परजीवी खाली उतरतात. त्या गाळाच्या तळाशी तंत्रज्ञाला ते हलताना दिसले.

पुढे पाठीतील पाणी काढून आजाराचा टप्पा ठरवायचा होता. एका मायक्रोलिटरमध्ये ५ पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी म्हणजे परजीवी मेंदूपर्यंत पोहोचल्याचा दुसरा टप्पा, असा नियम आहे. पण एचआयव्हीमुळेही या पेशी वाढतात, त्यामुळे थोड्याशा वाढीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तिच्या बाबतीत त्या १०० च्या वर होत्या आणि पाण्यातही परजीवी सापडले, त्यामुळे शंका उरली नाही. तरीही क्रिप्टोकॉकसची चाचणी आम्ही केलीच, कारण एचआयव्हीत एका आजाराच्या आड दुसरा असू शकतो. ती नकारात्मक आली.

२०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात असलेल्या निद्रारोगावरील फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या १० दिवस जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, आणि मेलार्सोप्रॉल या आर्सेनिकयुक्त, विषारी जुन्या औषधाचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या गोळ्यांचे मोल सांगावे लागत नाही. मात्र पेशी १०० किंवा अधिक असतील तर निफर्टिमॉक्स आणि इफ्लॉर्निथिन या औषधांची जोडी अधिक भरवशाची ठरते. तिला आम्ही ७ दिवस रोज दोनदा इफ्लॉर्निथिन शिरेतून आणि १० दिवस निफर्टिमॉक्स तोंडाने दिले. इफ्लॉर्निथिन मुख्यतः परजीवीची वाढ रोखते आणि शेवटचा सफाया शरीराच्या प्रतिकारशक्तीला करावा लागतो. म्हणूनच अशा रुग्णात ते एकटे देणे मला कधीच पटले नसते. ते रक्तपेशीही घटवते, म्हणून त्या काळात तसाच परिणाम करणारे झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचे औषध टाळले, आणि सुईच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी परिचारिकांनी फार काटेकोर काळजी घेतली.

मी मूळची नागपूरची असल्याने चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे २००४ मधील उदाहरण मला वारंवार आठवत असे. जनावरांना सर्रा हा रोग देणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी त्याच्या रक्तात सापडला. परजीवीला मारणारे एपीओएल१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, आणि सुरामिन या औषधाने तो बरा झाला. त्याची उणीव जन्मजात होती, हिची एचआयव्हीमुळे आलेली. प्रतिकारशक्ती कमी आहे एवढी नोंद पुरेशी नसते. नेमके काय कमी आहे, हे कळले तर कोणत्या चाचणीवर आणि कोणत्या औषधावर किती विसंबायचे ते ठरवता येते.

कोर्स संपल्यावर एचआयव्हीची औषधे पुन्हा सुरू केली. सहा महिन्यांनी तिची झोप पूर्ववत होती. पाठीच्या पाण्यात पेशी अजूनही ५ च्या थोड्या वर होत्या, पण परजीवी नव्हते आणि लक्षणेही नव्हती, तेव्हा हा वाढावा एचआयव्हीचा मानून उपचार पुन्हा न देता आम्ही तिला २४ महिन्यांपर्यंत तपासणीसाठी बोलावत राहण्याचे ठरवले.