तानपुऱ्यामागची माणसं

सांगली, रविवार

सकाळी शिष्येची सतार घेऊन मिरजेला गेले होते. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, पार उतरली होती. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर बाजाच्या, म्हणजे मुख्य तारेनं चांगली खाच पाडली होती. सतारमेकर गल्लीत आमचे नेहमीचे कारागीर आहेत, त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी तारा सैल केल्या, घोडी काढली आणि उजेडाकडे धरून पाहिली. मग कानस. दोन हात कानस फिरवायची, घोडी जागेवर ठेवायची, तार चढवायची, छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, परत काढायचं. तासभर हेच चाललं होतं. मध्येच विचारलं, "बाई, उघडी ठेवू की बंद?" म्हटलं, मध्यम ठेवा, पोरीचा हात अजून जड आहे. "मग चार दिवस वाजवू दे आणि परत आणा. तार बसली की जवारी खरं बोलते."

उघडी जवारी म्हणजे खणखणीत, लांब झंकाराची, रविशंकरांच्या सतारीसारखी. विलायत खाँसाहेबांच्या सतारीचा आवाज गोल, गाण्याकडे झुकलेला, त्यासाठी जवारी बंदच्या अंगानं लागते. दोघांच्या सतारींच्या तारासुद्धा वेगळ्या, रविशंकरांकडे खर्ज, म्हणजे अगदी खालच्या सुराची तार आहे, खाँसाहेबांकडे तो काढून गांधार बसवलाय. एवढा फरक पडतो तो कुठल्या तरी कारागिरानं आपल्या कानावर विश्वास ठेवून फिरवलेल्या कानशीनं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण मैफिलीत "ही सतार अमक्यांनी बनवली" असं निवेदकानं सांगितलेलं मी कधी ऐकलेलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण संध्याकाळी घडलं. त्याच मुलीचे वडील आले होते. मुलगी बारावीनंतर सतारच करायची म्हणतेय. वडिलांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "बाई, यावर पोट भरतं का?" प्रश्न चांगला आहे. बाप म्हणून त्यांनी तो विचारायलाच हवा. मी त्यांना सांगितलं की भरतं, पण तुम्ही ज्या जागी बघताय त्या जागी नाही. ते बघत होते व्यासपीठाच्या मधोमध, शाल-श्रीफळाकडे. तारवाद्य वाजवणाऱ्या बहुतेकांची भाकरी त्या जागेच्या मागून किंवा बाजूनं आलेली आहे. आणि नावाजलेल्यांचीही, निदान सुरुवातीची अनेक वर्षं.

रामनारायणजींचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1944 मध्ये ते लाहोरच्या रेडिओवर गायक म्हणून ऑडिशनला गेले. तिथल्या संगीत निर्मात्यानं त्यांच्या नखांवरच्या खाचा पाहिल्या आणि गायक म्हणून नाही, सारंगीवादक म्हणून घेतलं. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या कडेनं अडवतात. रियाझ नखावर उमटतो. पुढं दिल्ली, मग 1949 मध्ये मुंबई. तिथं सिनेमाच्या गाण्यांत सारंगी वाजवून घर चाललं. 1954 मध्ये मुंबईत एकल वादनाला बसले तर लोकांना पुढच्या मोठ्या कलाकारांची घाई, कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. वाद्यच सोडावं असं त्यांच्या मनात आलं होतं. दोन वर्षांनी परत बसले आणि मग सारंगी जगभर गेली. पण मधली वर्षं त्यांना रेडिओच्या साथीनं आणि स्टुडिओतल्या कामानं तगवलं, हे विसरून कसं चालेल?

आपल्याकडं तर साथीची परंपराच होती. बालगंधर्वांच्या गाण्यामागं कादरबक्षांची सारंगी असायची. आमची सांगली नाट्यपंढरी. जुनी माणसं अजून त्या गाण्यांवर तासन्‌तास बोलतात, पण सारंगीचा विषय मी काढल्याशिवाय निघत नाही. मिरज ज्यांच्यामुळं गाण्याच्या नकाशावर आलं ते अब्दुल करीम खाँसाहेब सारंगिये-बीनकारांच्या घरातले, स्वतः बीन, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या आठवणीत गाणारे-वाजवणारे हजेरी लावायला येतात. तिथं रात्री तानपुरे लागत असतात तेव्हा मी मुद्दाम लवकर जाऊन बसते. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, मिळाला, खर्ज स्थिरावला की अंगावर काटा येतो. तो तानपुरा धरणारं मूल मग दोन-दोन तास पाठ ताठ ठेवून बसतं, पायाला मुंग्या आल्या तरी हलत नाही.

साताऱ्याकडं औंधही आहेच. अंतूबुवा जोशी औंध दरबारचे गायक. गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ त्यांनी तिथं उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा (1911 ते 1987) गायक तर होतेच, व्हायोलिनही असं वाजवायचे की गळाच बोलतोय असं वाटावं. संस्थानं गेली तसे दरबारही गेले. गजाननबुवांनी आकाशवाणीत नोकरी केली आणि आयुष्यभर शिकवलं. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर त्यांच्याकडं शिकले. एवढा मोठा माणूस, पण पगाराला रेडिओ आणि पुढच्या पिढीला शिकवणी. व्ही. जी. जोगांचंही तसंच, व्हायोलिन आणि आकाशवाणी. सरोदिये अली अकबर खाँसाहेब तरुणपणी लखनौ रेडिओवर होते, मग जोधपूर दरबारी. 1952 मध्ये महाराजा गेले आणि तो आधार संपला. खुद्द रविशंकर 1949 पासून काही वर्षं दिल्ली आकाशवाणीत होते.

अन्नपूर्णादेवींचा विचार आला की मात्र माझी लेखणी अडते. एवढं सुरबहार, म्हणजे सतारीचं मोठं, खर्जातलं भावंड, हातात असताना त्यांनी व्यासपीठ सोडलं. 2018 मध्ये त्या गेल्या, तोवर मुंबईच्या घरात बंद दाराआड शिकवत राहिल्या. निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरासिया त्यांच्या हाताखालून गेले. त्यांच्या त्या निर्णयाबद्दल लोक नाना तर्क करतात. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त हे दिसतं की निखिलदांची सतार ऐकताना आपण अन्नपूर्णादेवींच्या आणि त्यांच्या वडिलांच्या, बाबा अल्लाउद्दीन खाँच्या कानातून ऐकत असतो.

वडिलांना मी हिशेबही सांगितला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, विशारद, पुढं जमलं तर अलंकार. आकाशवाणीची ऑडिशन, बी ग्रेड मिळाली तरी नाव लागतं. शिकवणी, शाळेत संगीतशिक्षिकेची जागा, रेकॉर्डिंगची कामं. मैफिली या सगळ्याच्या वर, आल्या तर आल्या. आणि हातांची काळजी. डाव्या तर्जनीला घट्टे पडेपर्यंत बोट फुटतं, रक्त येतं, ते सोसावं लागतं. पाठीचं दुखणं मात्र सोसायचं नाही, बैठक सुधारायची. मुलगी गप्प ऐकत होती. ती घाबरली नाही, हे मला आवडलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. पूर्वी शिष्य गुरूच्या मागं तानपुरा धरून बसायचा. तीच त्याची खरी शाळा. कुठली जागा कशी घेतली, श्रोते कुठं सैल झाले, गुरूनं त्यांना परत कसं आणलं, हे सगळं तिथं पाठीमागून कळायचं. आता फोनवरचा तानपुरा लावला की झालं. रियाझाला मीही तो लावते, एकटीनं बसताना त्याचा मोठा आधार आहे. पण मैफिलीत व्यासपीठावरून ती दोन मुलं उठवली की एक अख्खी पिढी ऐकायला मुकते. आमच्या भागातल्या एका मंडळानं गेल्या वेळी "मुलांना आणायचा खर्च नको" म्हणून यंत्रच ठेवलं. त्याच कार्यक्रमात हार-तुऱ्यांना पैसे होते. मला ते अजिबात पटलेलं नाही आणि मी ते तिथल्या तिथं बोलले.

दिवाळीनंतर आमची छोटी सभा आहे. बुधवारच्या बैठकीत मी दोन मुद्दे मांडणार आहे. तानपुऱ्याला बसणाऱ्यांचं मानधन तबल्याच्या मानधनासारखंच हिशेबात वेगळं लिहायचं. आणि पत्रिकेत गायक, तबला, पेटीच्या खाली तानपुऱ्याची नावं छापायची, सोबत वाद्य बनवणाऱ्या कारागिराचंही. छापखान्याला मजकूर शुक्रवारी जातो. दोघींची नावं मी लिहून ठेवली आहेत, त्यांतली एक ही बारावीची मुलगी. कारागिरांना नाव कसं छापायचं ते सतार परत न्यायला जाईन तेव्हा विचारेन म्हणत होते, पण तोवर उशीर होईल. उद्या सकाळीच फोन करते.