सही जुळत नाही

चेकवरची सही स्पेसिमेन कार्डाशी, म्हणजे खातेदाराच्या नमुना सहीच्या कार्डाशी, ताडायची. जुळली तर चेक पास, नाही जुळली तर रिटर्न मेमोवर ‘सही जुळत नाही’पुढे खूण करून परत. जिल्ह्याच्या गावी एका सहकारी बँकेत हे काम मी १४ वर्षं केलं. मग यांच्या नोकरीपायी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात आलो. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचं, सिअ‍ॅटल ज्यात आहे ते. २००२ मध्ये नागरिकत्व मिळालं. २००४ च्या निवडणुकीसाठी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयाला हंगामी माणसं हवी होती. अर्जात मी एवढंच लिहिलं, की सह्या ताडायचा अनुभव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

काउंटीचं नाव लिहीत नाही. राज्यात ३९ काउंट्या आहेत, त्यांतली एक.

त्या राज्यात तेव्हाही बहुतेक लोक टपालानं मत द्यायचे. मतपत्रिका घरी येते, भरायची, आतल्या कोऱ्या पाकिटात घालायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर शपथेखाली सही. सही पास झाल्याशिवाय पाकीट फोडत नाहीत. म्हणजे मतदार आणि मतपेटी यांच्या मधे ती एक सही असते, आणि त्या सहीपुढे तासावर पगार घेणारं माझ्यासारखं कुणीतरी. पाकिटावरचा बारकोड वाचला की नोंदणीच्या वेळची सही पडद्यावर येते. पाकीट शेजारी धरायचं, बघायचं, उजव्या ट्रेमध्ये नाही तर डाव्या. एका पाकिटाला काही सेकंद.

आम्हाला प्रशिक्षण मिळालं ते अर्ध्या सकाळचं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. सही बघणं ही नजर आहे, ती बसायला वर्षं लागतात. माझ्या शेजारचा कॉलेजचा पोरगा अक्षरं जुळतात का ते बघायचा. अक्षरं बघायचीच नसतात. पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, दाब कुठे वाढला, ओळ चढते की उतरते, शेवटचा फटकारा कुठल्या दिशेला सुटतो, हे बघायचं. पहिल्या दोन दिवसांत मी त्याला एवढं शिकवलं की नवरा-बायकोंनी अदलाबदल केलेली पाकिटं तो आपणहून काढायला लागला. हा प्रकार बाहेरच्यांना खरा वाटणार नाही, पण फार होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन पाकिटं पडलेली असतात, तो तिच्या पाकिटावर सही करतो, ती त्याच्या. बाप आणि मुलगा एकाच नावाचे असले की तेच. असली पाकिटं शेजारीशेजारी ठेवली की उलगडतात. मला त्या कामाचा अभिमान वाटायचा, वाटतो.

ते पाकीट मतदानाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या हातात आलं. नोंदणीची सही बऱ्याच वर्षांपूर्वीची, पहिल्या अक्षराचा मोठा फुगीर वळसा, पुढे एका दमात ओढलेलं आडनाव आणि शेवटी उजवीकडे वर गेलेली शेपटी. पाकिटावरच्या सहीला वळसा नव्हता. काठीसारखी उभी रेघ, तिच्याजवळ दुसरी, मधेच दोनदा पेन उचललेलं, आडनाव निम्म्यावर थांबलेलं आणि सगळी ओळ खाली घसरलेली. मधेच पेन उचललं की पासिंगवाल्याच्या मनात पहिला शब्द येतो, नक्कल. मी पाकीट डावीकडे ठेवलं. मुख्य बाईंनी दुसऱ्यांदा बघायचं असतं, त्यांनी बघितलं, मान हलवली. मतदाराला पत्र गेलं, की सही जुळत नाही, अमुक तारखेच्या आत नवी सही करून द्या. काउंट्यांनी आपापले आकडे प्रमाणित करायची शेवटची तारीख १७ नोव्हेंबर होती. उत्तर आलं नाही. कॅन्व्हासिंग बोर्ड म्हणून तिघांचं मंडळ असतं, त्यानं नाकारलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यावर शिक्कामोर्तब केलं.

त्याच दिवशी राज्याचा पहिला आकडा आला. तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. आपल्याकडे मुख्यमंत्री जे करतो ते काम करणारा, लोकांनी थेट निवडलेला माणूस तो. २८ लाखांच्या वर मतं पडली आणि रिपब्लिकन डीनो रॉसी डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेगवार यांच्यापुढे होते २६१ मतांनी. कायद्यानं यंत्रावर फेरमोजणी झाली, फरक ४२ वर आला. मग डेमोक्रॅटिक पक्षानं साधारण ७ लाख ३० हजार डॉलर भरून सबंध राज्यात हातानं मोजणी मागितली.

डिसेंबरात आम्हा हंगामी लोकांना पुन्हा बोलावणं आलं. प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांचा एकेक माणूस, आमच्यापैकी एक, आणि पाठीमागे निरीक्षक. मतपत्रिका एकेक करून तीन ढिगांत लावायची, रॉसी, ग्रेगवार आणि तिसऱ्या, लिबर्टेरियन पक्षाच्या रूथ बेनेट, मग प्रत्येक ढीग प्रत्येकानं स्वतंत्र मोजायचा. आकडे जुळले तरच पुढचा गठ्ठा. बँकेत मार्चअखेरीला कॅश टॅली करताना असते तशी शांतता असायची. लंबगोल काळा करायचा सोडून लोक काय काय करतात! कुणी गोलाभोवती गोल काढतं, कुणी नावाखाली रेघ ओढतं, कुणी छापलेलं नाव खालच्या रिकाम्या जागी हातानं पुन्हा लिहितं. आमच्या टेबलावरच्या दोन्ही पक्षांच्या बाया दिवसभर एकमेकींशी नीट वागल्या. एकीनं दुसरीच्या बाजूची मतपत्रिका स्वतः शोधून दिली तेही मी पाहिलं. रेडिओवर मात्र त्याच वेळी माणसं ओरडत होती, की मतमोजणीवाले चोर आहेत. ओरडणाऱ्यांपैकी एकानं तरी आमच्या टेबलाशी तासभर उभं राहायला हवं होतं.

त्या आठवड्यात किंग काउंटीची, म्हणजे सिअ‍ॅटल जिच्यात आहे तिची, बातमी फुटली. तिथले कौन्सिल सदस्य लॅरी फिलिप्स यांना नाकारलेल्या मतदारांच्या यादीत स्वतःचंच नाव सापडलं. शोध घेतल्यावर अशी ५७३ पाकिटं निघाली. संगणकात त्या मतदारांची सही नव्हती, कागदी नोंदणीपत्र काढून बघायला हवं होतं, ते कुणी बघितलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यावरच बोलत होते. मी म्हटलं, आपल्याकडे असं झालेलं नाही, आपण प्रत्येक सही बघितली आहे. हे मी मोठ्यानं म्हटलं, म्हणून लक्षात आहे.

१५ डिसेंबरला दुपारी मोजणीच्या खोलीतून मला पुढच्या काउंटरवर बोलावलं. एक आजोबा आले होते, सोबत मुलगी. त्यांच्या हातात आमचं पत्र होतं. ऑक्टोबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातच मतपत्रिका मागवून त्यांनी भरली, मग आठवडाभरानं पुन्हा प्रकृती बिघडली आणि महिनाभर ते घरी आलेच नाहीत. पत्र टपालपेटीत पडून होतं. मुलगी दुसऱ्या गावची, तिनं कालच टपाल काढलं होतं.

काउंटरवरच्या मुलीनं त्यांच्यापुढे नवं नोंदणीपत्र ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, पेन टेकवलं, उभी रेघ काढली, थांबले, पेन उचललं, दुसरी रेघ काढली. मी उलट्या बाजूनं बघत होते तरी कळलं. मी हे पाकीट ओळखते. महिन्याभरात शेकडो सह्या डोळ्यांखालून गेल्या होत्या, पण ती रेघ मी ओळखली. आडनाव निम्म्यावर थांबलं आणि ओळ खाली गेली.

नक्कल करणाऱ्याचा हात हळू चालतो, रेघ मऊ आणि सारखी येते. आजाऱ्याचा हात थरथरतो तेव्हा दाब एकदम वाढतो, एकदम सुटतो, रेघेला दाते येतात. हा फरक मला माहीत होता. आमच्या शाखेत पेन्शनरांच्या सह्या बदलल्या की त्यांना बसवून चहा द्यायचा आणि नवं कार्ड करून घ्यायचं, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. पण बँकेत शंका आली की पैसा थांबवायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. थांबवलेला पैसा खात्यातच राहतो, माणूस उद्या येऊन घेऊन जातो. इथे तो हिशोब लागू नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

मी मुख्य बाईंना गाठलं. त्या चिडल्या नाहीत, लगेच सरकारी वकिलांच्या कचेरीत फोन लावला. उत्तर स्वच्छ होतं. आदल्याच दिवशी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं डेमोक्रॅटांची मागणी फेटाळली होती: फेरमोजणी म्हणजे आधी मोजलेल्या मतपत्रिकांचीच पुन्हा मोजणी, नाकारलेली पाकिटं नव्यानं तपासणं त्यात येत नाही. मी विचारलं, मग किंग काउंटीची ती पाकिटं कशी घेऊ म्हणताहेत? बाई म्हणाल्या, “तिथे कुणी सही बघितलीच नाही, ती कार्यालयाची चूक आहे, मंडळाला दुरुस्त करता येते. आपण बघितली आणि ठरवली. तो निर्णय झाला.”

मी पूर्वी इतकं खरं आणि इतकं जड वाक्य ऐकलेलं नाही. बघितलंच नसतं तर वाट होती.

आजोबांना हे मीच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी म्हणाली, “पण आता त्यांनी तुमच्यासमोर सही केली ना?” मी हो म्हटलं. आजोबांनी विचारलं, “माझं पाकीट कुठे आहे?” मी म्हटलं, “याच इमारतीत, सीलबंद.” ते थोडा वेळ माझ्यामागच्या दाराकडे बघत राहिले. मग पुढ्यातल्या नव्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, “पुढच्या वेळी तुम्ही कुठली बघणार, ही का जुनी?”

“ही,” मी म्हटलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. किंग काउंटीची वादातली पाकिटं सोडून हाताच्या मोजणीत ग्रेगवार १० मतांनी पुढे आल्या. २२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ती पाकिटं मोजायला परवानगी दिली, आणि ३० डिसेंबरला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुकांचे प्रमुख, सॅम रीड यांनी प्रमाणपत्र दिलं: १३ लाख ७३ हजार ३६१ विरुद्ध १३ लाख ७३ हजार २३२. फरक १२९. रीड स्वतः रिपब्लिकन, त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांच्यावर तुटून पडले, तरी त्यांनी कायद्याप्रमाणे सही केली. त्या सहीबद्दल माझ्या मनात आदर आहे.

निकाल रद्द करा म्हणून रॉसींच्या बाजूनं दावा लागला तो शलॅन काउंटीत, सफरचंदांच्या बागांसाठी नावाजलेल्या वेनाचीत. मे २००५ च्या अखेरीस सुनावणी सुरू झाली, राज्याच्या सार्वजनिक वाहिनीवर थेट दिसायची. मी इस्त्री करत करत सगळी ऐकली. मतदानाचा हक्क परत न मिळालेल्या गुन्हेगारांनी मतं दिली, मेलेल्यांच्या नावानं मतं आली, प्रोव्हिजनल मतपत्रिका, म्हणजे मतदाराची पात्रता तपासून मगच मोजायच्या त्या, न तपासता थेट यंत्रात गेल्या, असे मुद्दे. ६ जूनला न्यायमूर्ती जॉन ब्रिजेस यांनी निकाल वाचला. १,६७८ मतं बेकायदा पडली हे त्यांनी मान्य केलं. पण ती कुणाला गेली याचा पुरावा हवा. ज्या भागातलं मत त्या भागाच्या कलाप्रमाणे वाटून वजा करा, हे तज्ज्ञांचं गणित त्यांनी नाकारलं. चार गुन्हेगारांनी आपण रॉसींना मत दिल्याचं शपथेवर सांगितलं होतं, ती चार मतं रॉसींच्या खात्यातून गेली. फिर्यादीचाच आकडा खाली आला, फरक १३३ झाला. रॉसींनी अपील न करण्याचं त्याच दिवशी जाहीर केलं.

कायद्याच्या नजरेनं निकाल बरोबर होता असं माझं मत आहे. मतदार कुठल्या भागात राहतो यावरून त्याचं मत ठरवायला लागलो तर गुप्त मतदानाला अर्थच उरत नाही. पण त्या दिवशी इस्त्री बाजूला ठेवून मी एकच गोष्ट मोजत बसले. मोजायला नको होती ती १,६७८ मोजली गेली आणि मूठभर सोडली तर परत काढता आली नाहीत. मोजायला हवं होतं ते एक सीलबंद आहे आणि आत घालता आलं नाही. आजोबांनी कुणाला मत दिलं मला माहीत नाही. एका मतानं तो निकाल बदललाही नसता, हे मला अनेकांनी सांगितलं. मी दरवेळी ऐकून घेते.

त्यानंतर कायदे सुधारले. सह्या ताडायचे नियम राज्यभर एकसारखे झाले, पत्राला उत्तर नाही आलं तर मतदाराला फोन करायचा असं ठरलं. तो फोन नोव्हेंबर २००४ मध्ये दवाखान्यात वाजला असता.

नोव्हेंबर २००५ मध्ये मी पुन्हा त्याच खुर्चीवर होते. मतपत्रिकेवर पेट्रोलवरच्या कराचा प्रश्न होता, गर्दी कमी होती. चौथ्या दिवशी बारकोड वाचला आणि पडद्यावर ती काठीसारखी रेघ आली, आडनाव निम्म्यावर थांबलेली. हातातल्या पाकिटावर आडनाव पूर्ण होतं. ओळ सरळ होती. वळसा परत आला होता, अजून वाकडा, पण आला होता. पडद्यावरच्या सहीशी काही जुळत नव्हतं.

शेजारी नवी मुलगी होती, तिनं डोकावून बघितलं आणि डाव्या ट्रेकडे हात केला. मी उठले, कपाटातून जुनं कागदी कार्ड काढून आणलं, आणि पाकिटाच्या दोन बाजूंना दोन सह्या ठेवून तिला म्हटलं, “बस इथे. शेपटी कुठल्या दिशेला सुटली आहे ते बघ.”