इंदूरची ख्रिस्ती बाई किंग्स्टनमध्ये

इंदूरच्या मैत्रिणी फोनवर बोलताना एक गोष्ट हमखास गृहीत धरतात: कॅनडा हा ख्रिस्ती लोकांचा देश आहे, तेव्हा रामबागेत लहानपणापासून जरा वेगळी म्हणूनच वावरलेल्या मला ओन्टारियोतल्या या किंग्स्टन शहरात अगदी मोकळे वाटत असणार. त्यांच्या बोलण्यात माया असते, म्हणून मी बहुतेक वेळा विषय बदलते. परंतु हाच प्रश्न आता नात्यातल्या तरुण मुलीही विचारू लागल्या आहेत, आणि त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

आकडे पाहिले तर मैत्रिणींचे म्हणणे पटण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते, तर कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत ५३.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेतले. त्याच जनगणनेत ३४.६ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगितले, हेही खरे. पण बाईवर येणारा दबाव डोकी मोजून येत नाही. तिने कपाळावर काय लावावे, गळ्यात काय घालावे, ताटात काय घ्यावे आणि रविवारची सकाळ कुठे घालवावी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ज्यांना वाटते, अशी माणसे प्रत्येक मंडळीत आणि प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात.

माझे पणजोबा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतलेले, आणि आजी मिशनच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून इंदूरला आलेली. आमचे घर रामबागेत होते, शेजार सगळा मराठी, आणि आईची उठबस याच शेजारणींमध्ये होती. वडील गेले तेव्हा आई चाळिशीचीही नव्हती. तिने टिकली लावणे थांबवले नाही, आणि त्या एवढ्याशा टिकलीने दोन समाजांना एकाच वेळी दुखावले. शेजारच्या काकूंचे म्हणणे असे की नवरा गेलेल्या बाईला हे शोभत नाही. चर्चमधल्या ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे असे की ख्रिस्ती बाईला ते मुळातच शोभत नाही, वडील होते तोवर आम्ही डोळेझाक केली, आता तरी पुसून टाक. काकूंना आईने सांगितले, “मी टिकली लावते ती लग्नाच्या आधीपासून, त्यांच्या नावाने कधी लावली नव्हती.” भगिनींना दिलेले उत्तर जास्त तिखट होते. “पाळकसाहेब टाय बांधतात, तो मोशेच्या नियमशास्त्रात कोणत्या अध्यायात आहे, तेवढे मला दाखवा.”

संक्रांतीनंतर आळीत हळदीकुंकू सुरू झाले की आमंत्रण मला यायचे, आईला नाही. पुढे माझे लग्न झाल्यावर तर मी सवाष्ण म्हणून आग्रहाने बोलावली जाऊ लागले. ख्रिस्ती असल्याची अडचण कोणी मनात धरली नाही, हे मान्य करायला हवे. परंतु ज्या उंबऱ्याच्या आत मला ओटी भरून वाण मिळणार आणि माझ्या आईला पाय ठेवता येणार नाही, तिथे जाणे मला जमले नाही, आणि मी तसे सांगितले. यावरून पुष्कळ बोलणी बसली. चर्चमध्ये मात्र माझे कौतुक झाले, कारण मी मूर्तिपूजेपासून दूर राहिले असा त्यांनी समज करून घेतला. चुकीच्या कारणासाठी झालेले कौतुक पचवणे मला बोलण्यांपेक्षा अवघड गेले, आणि माझे कारण वेगळे आहे हे मी त्यांनाही सांगितले. त्यानंतर कौतुक थांबले.

प्रसादाच्या बाबतीत मला बायबलमधल्या पौलाचा फार आधार वाटतो. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांपुढे हाच पेच होता, कारण मूर्तींना अर्पण झालेले मांस तिथल्या बाजारात विकले जाई. पौलाने त्यांना लिहिले की बाजारात मिळते ते खुशाल खा, कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर पुढे वाढलेले काहीही चौकशी न करता खा. मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकाचा विचार करून खाऊ नका. या सल्ल्यात मला जी सूक्ष्मता दिसते ती आमच्या भगिनी मंडळाच्या नियमावलीत कधी दिसली नाही. शेजारच्या आजी उकडीचे मोदक डब्यात घालून देत, ते आम्ही आवडीने खात होतो. आरतीच्या वेळी मात्र मी हात जोडले नाहीत, कारण तिथे प्रश्न खाण्याचा नसून भक्तीचा होता.

नवीन ओळख झाली की इंदूरमध्ये आणखी एक प्रश्न ठरलेला असे: तुम्हांला ख्रिस्ती कोणी केले? मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला, आणि वर्तमानपत्रांत हा विषय सतत असल्यामुळे विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी आमिष, काहीतरी फसवणूक अशी शंका आधीच तयार असे. चार पिढ्यांचा हिशेब सांगून मी थकले होते. किंग्स्टनला आल्यावर पहिल्याच रविवारी उपासनेनंतर कॉफी घेताना एका प्रेमळ आजींनी विचारले, “मग तू ख्रिस्ती केव्हा झालीस?”

प्रश्न इथेही सुटला नव्हता. थोड्याच काळाने मिशनविषयीच्या एका खास उपासनेत मी साडी नेसून यावे आणि माझी साक्ष द्यावी, अशी विनंती झाली. अपेक्षा अशी होती की मी हिंदू अंधारातून प्रकाशात कशी आले ते सांगावे. साडी नेसायला माझी हरकत नव्हती. पण ज्या शेजाऱ्यांनी वडिलांच्या आजारपणात रात्री जागून काढल्या, त्यांना परक्या लोकांसमोर अंधार म्हणायला माझी हरकत होती. शिवाय ती माझी गोष्टच नव्हती. जिला सुटका झालेली बाई म्हणून उभे करायचे ठरले आहे, तिने सुटका झाल्यासारखेच बोलावे, हाही एक साचा आहे.

मी त्यांच्याच गावाची गोष्ट सांगितली. इंदूरमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशनचे काम १८७७ मध्ये सुरू झाले. पुढे १८८४ मध्ये एलिझाबेथ बीटी ही डॉक्टर इंदूरला आली, आणि काही काळाने मॅरियन ऑलिव्हर आली; दोघींचे वैद्यकीय शिक्षण याच किंग्स्टनमध्ये झाले होते. इथल्या क्वीन्स विद्यापीठाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात मुली शिकू लागल्या तेव्हा त्यांच्या बरोबरच्या मुलांनी, मुलींना वर्गातून काढा नाहीतर आम्ही दुसऱ्या महाविद्यालयात जातो, अशी धमकी दिली. व्यवस्थापन नमले, आणि १८८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय महाविद्यालय काढावे लागले. वर्गात गोंधळ घालणारी ती मुले काही परधर्मी नव्हती, बहुतेक सगळी रविवारी चर्चला जाणाऱ्या घरांतलीच असणार. ज्या शहराला मुलींनी मुलांच्या शेजारी बसून शरीरशास्त्र शिकलेले चालत नव्हते, त्याच शहराने त्यांतल्या एकीला डॉक्टर म्हणून इंदूरला पाठवले. माझे बोलणे संपल्यावर काही स्त्रियांनी मला मिठी मारली. समितीने पुढच्या वर्षी वक्ता दुसरा निवडला.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी ज्या ख्रिस्तभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच त्या पुढे पत्रांतून सतत वाद घालत राहिल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर अक्षरे कोरायचीच असतील तर ती लॅटिनऐवजी संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. त्यांच्या या वागण्याला तिकडे गर्व म्हटले गेले. इकडे पुण्यात त्यांना धर्मबुडवी ठरवले गेले. आमच्या घरी त्यांची तसबीर होती, आणि लहानपणी मला वाटे की त्या आईच्याच कोणीतरी आहेत.

इथला मराठी गोतावळा लहान आहे आणि जिव्हाळ्याचा आहे. गणेशोत्सवात खुर्च्या मांडणे, मुलांचे नाटक बसवणे, शंभर माणसांची आमटी करणे यांत मी असते. आरतीच्या वेळी मी मागे उभी राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही एका वर्षी छायाचित्रापुरते तबक हातात धर, असा आग्रह झाला, आपल्यात सगळे सामील होतात हे दिसायला हवे म्हणून. मी नाही म्हटले. खऱ्या श्रद्धेने आरती करणाऱ्या माणसाचाही मी खोटे तबक धरल्याने मान राहत नाही, असे मला वाटते. कोणी फारसे रागावले नाही, फक्त त्या वर्षीच्या छायाचित्रात मी नाही.

कार्यालयातला प्रकार निराळा आहे. तिथे माझी दिवाळीची रजा उत्साहाने मंजूर होते, आणि मी चर्चला जाते म्हटले की क्षणभर शांतता पसरते. त्यामागे एक गंभीर कारण आहे. कॅनडातल्या आदिवासी मुलांना घरांतून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले गेले, त्यांतल्या अनेक शाळा चर्चनी चालवल्या, त्यात प्रेस्बिटेरियनही होते, आणि त्या चर्चने १९९४ मध्ये आपला अपराध जाहीरपणे कबूल केला. याबद्दल सहकारी मला सुनावतात तेव्हा मी त्याला दबाव म्हणत नाही. ते ऐकून घेणे माझे काम आहे. शिकलेल्या बाईने अजून प्रार्थना करावी याची कीव करणे मात्र वेगळे, आणि त्या कीवेपोटी मी रविवार सोडणार नाही.

सध्या आमच्या घरात विषय आहे तो भाचीच्या लग्नाचा. लग्न इंदूरच्या चर्चमध्ये आहे. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना पांढरी साडी आणि डोक्यावरून जाळीदार ओढणी हवी आहे. आळीतल्या काकूंना नवरीने पांढरे नेसणे अशुभ वाटते. आणि मुलाकडचे म्हणतात की मंगळसूत्र घालायचेच असेल तर त्यात क्रूस हवा. तिने माझे मत विचारले. प्रत्येक पर्यायाने कोण कोण रागावेल याची यादी मी तिला लिहून पाठवली, कारण कोणीच रागावणार नाही असा पर्याय त्यात नव्हता. तिने हिरवा शालू ठरवला आहे. पाळकसाहेबांना ते अजून कळवलेले नाही. ते काम तिने माझ्या आईकडे सोपवले आहे.