न वाचलेली इंग्रजी कविता पेपरात आली तर

इंग्रजी साहित्याच्या पेपरात बहुतेक मुलांची गाडी अडते ती अनसीन कवितेपाशी. नेमलेल्या कवितांचा अर्थ पाठ असतो, दोन-चार अलंकारही पाठ असतात. इथे मात्र समोर नुसत्या ओळी असतात. मग घाईघाईत लिहिलं जातं, 'कवीने रूपक वापरले आहे, त्यामुळे कविता परिणामकारक झाली आहे.' हे वाक्य कुठल्याही कवितेखाली खपून जाईल, म्हणूनच त्याला फारसे गुण मिळत नाहीत. उत्तर उभं राहतं ते समोरच्या कवितेतल्या शब्दांवर.

कविता तीनदा वाचा. पहिल्यांदा पेन्सिल खाली ठेवून, आणि बघायचं एवढंच, की कोण बोलतंय आणि कोणाशी. बोलणारा म्हणजे कवीच, असं धरून चालू नका. रॉबर्ट ब्राउनिंगच्या 'माय लास्ट डचेस' या १८४२ सालच्या कवितेत एक गर्विष्ठ ड्यूक बोलतो. त्याची मतं ब्राउनिंगच्या नावावर टाकली की सगळं उत्तर उलटं होतं. शंका असेल तिथे 'द पोएट' ऐवजी 'द स्पीकर' लिहावं.

दुसऱ्या वाचनात ओळ संपली म्हणून थांबू नका, विरामचिन्ह आलं की थांबा. इंग्रजी कवितेत एक वाक्य तीन-तीन ओळी चालतं, आणि निम्मे गैरसमज प्रत्येक ओळ सुटी वाचल्याने होतात. जुन्या कवितेत शब्दांचा क्रमही उलटापालटा असतो. तेव्हा आधी क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता. एवढं सापडलं की बाकीचं वाक्य आपोआप उलगडतं. एखादा शब्द अडला तर तो सोडून पुढे जा, अर्थ बऱ्याचदा पुढच्या ओळीत सापडतो.

तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वळण शोधायचं, म्हणजे कवितेचा विचार किंवा सूर जिथे बदलतो ती जागा. 'बट', 'येट', 'नाऊ' असे शब्द, अचानक बदललेला काळ, 'ही'चं झालेलं 'यू', या त्याच्या खुणा. सॉनेट म्हणजे १४ ओळींची कविता, तिच्यात हे वळण बहुधा नवव्या ओळीला किंवा शेवटच्या दोन ओळींत येतं. १६०९ साली छापल्या गेलेल्या शेक्सपिअरच्या सॉनेट्समधलं अठरावं घ्या. आठ ओळी उन्हाळ्यातलं काय काय टिकत नाही ते सांगतात आणि नववी ओळ 'बट'ने सुरू होते. तिथून पुढे न मावळणाऱ्या उन्हाळ्याची गोष्ट.

याच सॉनेटची चौथी ओळ जरा जवळून बघू: 'अँड समर्स लीज हॅथ ऑल टू शॉर्ट अ डेट.' यात 'लीज' हा शब्द कवितेतला वाटतच नाही, तो आहे करारनाम्यातला. लीज म्हणजे भाडेपट्टा, आणि 'डेट' म्हणजे इथे तारीख नव्हे, पट्ट्याची मुदत. म्हणजे उन्हाळा या ऋतूचा मालक नाही, मुदतीपुरता भाडेकरू आहे आणि मुदत संपली की त्याने जागा सोडायची. प्रेमाच्या कवितेत हा कोरडा व्यवहारी शब्द आल्यामुळे सौंदर्याचं तात्पुरतेपण एकदम टोचतं. इतकं लिहिलंत तर एका शब्दावर पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद झाला. 'रूपक अलंकार आहे' यातून यातलं काहीच कळलं नसतं.

आता छंद. मराठी मुलांना इथे एक सोय आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. पंचचामर वृत्तात लघु-गुरु, लघु-गुरु अशा आठ जोड्या येतात, अक्षरं सोळा. या सॉनेटचा छंद, आयँबिक पेंटामीटर, म्हणजे अशाच पाच जोड्या, अक्षरं दहा. फरक एकच, पण मोठा: आपल्याकडे अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो ते मोजतात, इंग्रजीत कुठल्या अक्षरावर आघात पडतो ते. वरची ओळ टेबलावर बोटाने ठोकत म्हणा. आघात पडतात ते 'सम', 'लीज', 'ऑल', 'शॉर्ट', 'डेट' यांवर. नुसते हे पाच आघात ऐकले तरी ओळीचा अर्थ पोचतो! आपण इंग्रजी वाचताना सगळी अक्षरं साधारण सारख्या जोराने म्हणतो, म्हणून ही लय कानाला लागत नाही. सवयीसाठी 'रेकॉर्ड' नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून म्हणून बघा. नामात आघात पहिल्या अक्षरावर, क्रियापदात दुसऱ्यावर. छंदाबद्दल लिहायचं ते मात्र तो मोडतो तिथे. त्याच सॉनेटची तिसरी ओळ 'रफ विंड्स'ने सुरू होते, दोन्ही शब्दांवर जोर. वारा आला आणि लय हलली, हे नोंदवण्यासारखं आहे. नुसती यमकांची एबीएबी (कुठली ओळ कुठल्या ओळीशी जुळते ती अक्षरं) मांडून काहीच सिद्ध होत नाही.

वेळ ४५ मिनिटं असेल तर १० वाचनाला, ५ मुद्दे ठरवायला, २५ लिहायला आणि ५ तपासायला ठेवा. मुद्दे तीनच घ्या. अवतरण दोन ते चार शब्दांचं पुरे, आणि ते तुमच्या वाक्यात बसलं पाहिजे. चार ओळी उतरवून खाली 'धिस शोज' लिहिलं की वेळ जातो आणि बोलायचं राहून जातं. 'शोज' सारखं सारखं येत असेल तर 'सजेस्ट्स' किंवा 'इम्प्लाइज' वापरा. कवितेबद्दल लिहिताना वर्तमानकाळ धरा: कवी गेल्याला चारशे वर्षं झाली तरी 'शेक्सपिअर कम्पेअर्स', 'कम्पेअर्ड' नाही. एकाच परिच्छेदात दोन्ही काळ मिसळणं ही फार नेहमीची चूक आहे.

शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उत्तर पुन्हा वाचायला वेळ नसतो, म्हणून ठरावीक जागाच बघा. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे 'अ' आणि 'द' गळतात. प्रत्येक एकवचनी नामावर बोट ठेवून त्याच्या आधी काय आहे ते पाहा. मग वर्तमानकाळातल्या क्रियापदांचा एस. अवतरणातले शब्द छापील कवितेशी ताडून घ्या आणि कवीच्या नावाचं स्पेलिंग पेपरातूनच उतरवा, आठवणीतून नको.