पचमढी आपली पण आहे

मध्य प्रदेशातली पचमढी म्हटलं की सगळे म्हणतात इंग्रजांचं हिल स्टेशन. बरोबरच आहे, कॅप्टन फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा १८६२ चा बायसन लॉज अजून उभा आहे, १८७५ चं लाल दगडाचं क्राइस्ट चर्च आहे, त्याच्या रंगीत काचांतून ऊन आत येतं ते बघायलाच पाहिजे. पण मला या वेळी सारखं वाटत होतं की हे गाव जितकं साहेबांचं तितकंच आपलं पण आहे. सीपी अँड बेरार म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत आणि वऱ्हाड, त्याची राजधानी आपलं नागपूर, आणि उन्हाळ्यात सरकार पचमढीला जायचं. मे महिन्यातलं नागपूर ज्याने बघितलंय त्याला कारण सांगायला नको.

आम्ही महाशिवरात्रीच्या सुमारास गेलो, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असं करत. मटकुलीला देनवा नदीचा पूल लागतो, तिथून खरी चढण. बहुतेक गाड्या सुसाट निघून जातात पण तुम्ही थांबा थोडं, पात्रात मोठमोठे दगड आणि मधून वाहणारं पाणी, हीच देनवा पहाडाला वळसा घालून पुढे तवा नदीला मिळते.

आणि मग चौरागड, पचमढीजवळचा महादेवाचा डोंगर! आपल्या इकडचे लोक, काटोल-नरखेड, वरुड-मोर्शीकडचे, नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढून राहिले होते. लोखंडाचा, माणसापेक्षा उंच, खांद्याला रुतू नये म्हणून खाली दुपट्ट्याची घडी. एक आजोबा दर आठ-दहा पायऱ्यांवर थांबत होते, मी म्हटलं बाबाजी मी धरू का थोडा वेळ, तर म्हणाले, "नाही बाबू, नवस माहा हाय, मीच नेतो." वर मंदिरापाशी अशा त्रिशूळांचे ढीगच्या ढीग, जुने गंजलेले, नवे शेंदूर लावलेले, एकमेकांत अडकलेले. हे लोक पचमढीला फिरायला नाही, महादेवाला येतात, पिढ्यान् पिढ्या. आणि गोंड-कोरकू तर साहेब यायच्या कितीतरी आधीपासूनचे, त्यांचाच हा पहाड. जीपवाले पॉइंट दाखवताना हे काहीच सांगत नाहीत, त्याचं वाईट वाटतं खरंच.

धूपगडचा सूर्यास्त बघाच, सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण आहे ते. पण चौरागड सोडू नका, खोली आधी बुक करा, यात्रेत मिळत नाही, आणि पहाटेच चढायला लागा, दुपारी पायऱ्यांचे दगड फार तापतात.